रोबो उलगडताना दिसला पाहिजे : ट्रान्सफॉर्मर्सचे सिनेमे आणि आम्ही जुने चाहते

सायबरट्रॉनकर

(रसभंगाचा इशारा : ट्रान्सफॉर्मर्सच्या जुन्या-नव्या सिनेमांतल्या बऱ्याच गोष्टी खाली उघड केल्या आहेत.)

ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे रूप बदलून ट्रक, गाडी, विमान होणारे रोबो. परवा त्यांचा 'ट्रान्सफॉर्मर्स वन' हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि बरेच दिवस मनात असलेलं लिहायला बसलो.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. ओरायन पॅक्स आणि डी-१६ हे सायबरट्रॉन ग्रहावरचे खाणकामगार. त्यांच्या छातीत कॉग नाही, म्हणजे रूप बदलायचा अवयवच नाही. अल्फा ट्रायॉन त्यांना कॉग देतो, पण तो वापरायचा कसा हे कळायच्या आत पळायची वेळ येते. पळता पळता ते रूप बदलू बघतात आणि फसतात. अर्धं अंग वाहनाचं, अर्धं रोबोचं. आपटत, धडपडत शेवटी एकदाचं जमतं. लहानपणी ज्याने ट्रान्सफॉर्मर हातात धरला आहे त्याची बोटं हा प्रसंग ओळखतात. पहिल्या दिवशी असंच होतं. पाय आधी ओढला की हात अडकतो, हात सोडवला की डोकं आत राहतं.

माझा ऑप्टिमस प्राइम मस्कतच्या मामाने आणला होता, सोबत कार्टून मालिकेच्या काही व्हीएचएस कॅसेटी. लाल केबिन, मागे करडा ट्रेलर. केबिनच्या खिडक्यांची छाती होते, मागचा भाग उलगडला की निळे पाय होतात, मुठी मात्र सुट्या, त्या शेवटी मनगटात बसवायच्या. (त्या मुठीच सगळ्यात आधी हरवतात.) या खेळण्यात काहीही लपवलेलं नव्हतं. ट्रकचा कुठला तुकडा रोबोत कुठे गेला हे बोट ठेवून दाखवता यायचं. एवढा मोठा ट्रक आणि त्याच्या आत कुणीतरी आहे, आणि तो बाहेर कसा येतो हे मला माहीत आहे, या आनंदावर मी वाढलो.

ही खेळणी मुळात जपानी, टाकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांमधली. डायाक्लोनच्या गाड्यांत बसवायला इटुकले चालक मिळत, रोबोला स्वतःचं मन नव्हतं. हॅस्ब्रोने १९८४ मध्ये ती अमेरिकेत आणली तेव्हा गोष्ट रचायचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. जिम शूटर यांनी ऑटोबॉट (भले, म्होरक्या ऑप्टिमस) आणि डिसेप्टिकॉन (दुष्ट, म्होरक्या मेगाट्रॉन) यांच्या युद्धाचा आराखडा केला, डेनी ओ'नील यांनी ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं आणि बॉब बुडियान्स्की यांनी बाकीच्या बहुतेकांची नावं आणि स्वभाव लिहिले. ते स्वभाव खोक्याच्या मागे छापलेले असत. ताकद, बुद्धी, वेग यांचा आलेखही असे आणि तो वाचायला लाल पारदर्शक पट्टी वर धरावी लागे. म्हणजे कोण भित्रा, कोण बढाईखोर, कोण शांत, हे खेळणं हातात घेतानाच कळलेलं असायचं.

म्हणून सिनेमाकडून माझ्या अपेक्षा दोनच. रोबो उलगडताना मला दिसला पाहिजे, आणि उलगडल्यावर तो कोण आहे हे कळलं पाहिजे.

आता मायकल बे यांचा २००७ चा सिनेमा. यावर इतक्या शिव्या झाल्या आहेत की त्यात भर घालायची इच्छा नाही. उलट आधी त्याचं देणं मान्य करतो. ऑप्टिमसचा आवाज पुन्हा पीटर कलन यांचाच होता. १९८४ च्या मालिकेतला तोच आवाज. अंधाऱ्या गल्लीत तो ट्रक थांबतो, उघडू लागतो, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, मग तो गुडघा टेकून खाली वाकतो आणि सॅम या मुलाशी बोलतो. थिएटरात मी अक्षरशः श्वास रोखून बसलो होतो. त्या एका प्रसंगात दिग्दर्शकाने घाई केलेली नाही. लोखंडाला वजन आहे, काचेला चमक आहे, आणि आपल्याला बघायला वेळ दिलेला आहे.

पण पुढे तो वेळ मिळत नाही. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने या ऑप्टिमससाठी १०,१०८ भाग बनवले होते. एवढे भाग दोन सेकंदांत सरकले की डोळ्याला फक्त करड्या पत्र्यांचा लोंढा दिसतो. ट्रकचं दार कुठे गेलं ते कळत नाही. शेवटच्या मिशन सिटीच्या लढाईत तर मेगाट्रॉन, स्टारस्क्रीम, ब्लॅकआउट सगळे एकाच धातूचे, एकाच रंगाचे. कोण कुणाला मारतोय हे समजायला मला घरी येऊन डीव्हीडी थांबवून बघावी लागली. आणि दुसरी अपेक्षा तर अजून दूर राहिली. ऑटोबॉट पृथ्वीवर उतरतात तेव्हा जवळजवळ तासभर सिनेमा झालेला असतो. रॅचेट, आयर्नहाइड, जॅझ यांच्या वाट्याला ओळखीची एकेक ओळ. खोक्याच्या मागे त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिलेलं असायचं!

काही बदलांची कारणं मात्र मला पटतात. कार्टूनमध्ये मेगाट्रॉन हा उंच रोबो वॉल्थर पी-३८ पिस्तूल व्हायचा आणि दुसऱ्याच्या हातात मावायचा. साउंडवेव्ह कॅसेट प्लेयर व्हायचा. वस्तुमान कुठे जातं हे कुणी विचारत नसे. सिनेमावाल्यांनी ठरवलं की आकार लहानमोठा करायचा नाही. म्हणून मेगाट्रॉन परग्रहाचं विमान झाला. ऑप्टिमसचा चपट्या तोंडाचा ट्रक जाऊन लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ आला तोही याच हिशोबाने, कारण लांब ट्रकमधून जास्त उंच रोबो निघतो, सुमारे २८ फुटांचा. ही शिस्त मला आवडते. जे ट्रकमध्ये आहे तेच रोबोत यायला हवं, हा खेळण्याचाच नियम आहे. निळ्या रंगावरच्या त्या लाल ज्वाळा मात्र मला आजही बघवत नाहीत.

२०१८ चा 'बंबलबी' बघायला मी फारशी आशा न ठेवता गेलो होतो. ट्रॅव्हिस नाइट हे स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशनमधून आलेले दिग्दर्शक, म्हणजे बाहुलीचा एकेक सांधा हाताने हलवून चित्र घेणारी माणसं. सुरुवातीलाच सायबरट्रॉनवरचं युद्ध आहे, आणि त्यात साउंडवेव्ह, शॉकवेव्ह, स्टारस्क्रीम आपापल्या जुन्या रंगांत, जुन्या चेहऱ्यांत. काही मिनिटांचाच प्रसंग, पण प्रत्येक जण पाठमोराही ओळखू येतो. मग बंबलबी हा ऑटोबॉट पिवळी बीटल गाडी होतो, आणि दारं पंखांसारखी मागे जाताना मला दिसतात. डोळे भरून आले, सांगायला संकोच वाटत नाही.

आणि मग 'वन'. यात एकही माणूस नाही. सगळी गोष्ट रोबोंची. दोन मित्र, त्यातला एक ऑप्टिमस होणार आणि दुसरा मेगाट्रॉन, हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं आणि तरी डी-१६ ओरायनचा हात सोडतो तेव्हा पोटात कालवतं. सायबरट्रॉनचा राज्यकर्ता सेंटिनेल प्राइमने आपल्या सगळ्यांना फसवलं, छातीतले कॉग काढून घेऊन खाणीत जुंपलं, हे कळल्यावर डी-१६ चा संताप खरा आहे. मलाही तितकाच आला. त्याच्यात खलनायक जागा होताना मी त्याच्याच बाजूने विचार करत होतो. चाळीस वर्षं मेगाट्रॉन वाईट होता कारण तो वाईट होता. आता त्याला कारण मिळालं.

जोश कूली यांनी केलेला हा सिनेमा जगभरात सुमारे १३ कोटी डॉलर कमावून थांबला. २०११ आणि २०१४ चे बे यांचे भाग प्रत्येकी शंभर कोटींच्या वर गेले होते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहा, आणि ज्यांनी पाहिलाय त्यांनी इथे लिहा.

ऐरोळीकर

छान लिहिलंय. पण १९८६ च्या सिनेमाला तुम्ही हातच लावला नाही! मोठ्या पडद्यावरचा पहिला ट्रान्सफॉर्मर्स तोच. ऑप्टिमस मरतो, आणि मरताना त्याच्या अंगावरचे लाल-निळे रंग उतरून तो राखाडी होतो. मी तो कॉलेजात असताना पाहिला, तरी आतून हललो. तेव्हाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांचं काय झालं असेल?

सायबरट्रॉनकर

@ऐरोळीकर, मुद्दाम टाळलं, कारण तो विषय काढला की मी थांबत नाही.

तो मृत्यू गोष्टीची गरज म्हणून आला नव्हता. हॅस्ब्रोला १९८४-८५ ची खेळणी दुकानांतून हटवून नवी आणायची होती. म्हणून आयर्नहाइड, रॅचेट, प्राउल यानातच मारले गेले, पुढे ऑप्टिमस, नंतर स्टारस्क्रीमही. कंपनीच्या लेखी तो जुना माल होता. मुलांच्या लेखी तो घरातला मोठा माणूस होता. मुलं थिएटरात रडली, पालकांची पत्रं गेली, आणि १९८७ मध्ये मालिकेत ऑप्टिमसला परत आणावं लागलं. त्याच कंपनीच्या जी.आय. जो या सैनिक-खेळण्यांच्या सिनेमात ड्यूक हा नायक मरणार होता, तिथे घाईने संवाद घालून तो कोमात असल्याचं सांगितलं. मुलांच्या रडण्याने एका कंपनीचा निर्णय फिरला, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

आणि तरी मला वाटतं की त्या सिनेमाने आम्हाला गंभीरपणे घेतलं. मृत्यू दाखवला, तो लांबवला, त्याचा शोक दाखवला. ऑर्सन वेल्स यांनी ग्रह गिळणाऱ्या युनिक्रॉनला आवाज दिला, ते त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक.

रानवारा

जॅझबद्दल बोला कुणीतरी. कार्टूनमध्ये त्याला स्कॅटमन क्रॉदर्स यांचा आवाज होता. गाण्यावर जीव असलेला, सगळ्यात मोकळा गडी. २००७ मध्ये मेगाट्रॉन त्याचे दोन तुकडे करतो आणि शेवटी ऑप्टिमस ते तुकडे हातात घेऊन एक वाक्य बोलतो. संपलं. १९८६ ला निदान शोक तरी होता. मला राग मृत्यूचा नाही, इतक्या पटकन पुढे गेल्याचा आहे.

कीफ्रेम

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, त्यामुळे थोडं दुसऱ्या बाजूने.

१०,१०८ भाग हे दिखाऊपणासाठी नव्हते. खऱ्या गाडीशेजारी, खऱ्या उन्हात रोबो उभा करायचा तर गुळगुळीत पत्रा खोटा दिसतो. प्रकाश पकडायला कडा लागतात, खाचा लागतात, आत फिरणारं काहीतरी लागतं. म्हणून तपशील वाढत जातो. ते वजन तुम्हाला गल्लीतल्या प्रसंगात जाणवलं ना, ते त्याच तपशिलामुळे. ऑस्करला व्हिज्युअल इफेक्ट्सचं नामांकन होतं, पुरस्कार 'द गोल्डन कंपास'ला गेला आणि आमच्या क्षेत्रात त्याची हळहळ अजून आहे.

तुमची तक्रार खरी आहे, पण दोष मॉडेलवर टाकू नका. दोष कॅमेरा आणि संकलनाचा. रूप बदलताना कॅमेरा जवळ, कॅमेराही हलतोय, रोबोही हलतोय, आणि दीड सेकंदात कट. हायवेवर ऑप्टिमस आणि बोनक्रशर हा डिसेप्टिकॉन भिडतात तो भाग आठवा. तिथे शॉट रुंद आहेत, एकाच दिशेने गती आहे, आणि तेच १०,१०८ भाग असूनही सगळं स्पष्ट दिसतं.

'बंबलबी'मध्ये आकार मोठे आणि सपाट ठेवले, रंगांचे पट्टे ठळक ठेवले. दार हे दार म्हणून शेवटपर्यंत ओळखू येतं. डोळा एक-दोन खुणा धरून ठेवतो आणि बाकी हालचाल त्याभोवती समजून घेतो. खेळण्यात ती खूण तुमच्या बोटाखाली असते.

सायबरट्रॉनकर

@कीफ्रेम, हे शेवटचं वाक्य मला हवं होतं आणि सापडत नव्हतं. हायवेचा प्रसंग मान्य, शंभर टक्के.

दुसरी_पिढी

मी २००७ मध्ये दुसरीत होतो. बाबांनी थिएटरला नेलं होतं. माझ्यासाठी बंबलबी म्हणजे पिवळी कॅमेरो गाडीच. आवाज गेलेला, आणि रेडिओवरच्या गाण्यांचे, बातम्यांचे तुकडे जोडून बोलणारा. हे जुन्या कार्टूनमध्ये नव्हतं ना? मग हे त्या सिनेमाने दिलेलंच आहे. ज्याला बोलता येत नाही तो दुसऱ्यांचे शब्द उचलून मित्राशी बोलतो, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी स्वतः वर्गात फार कमी बोलायचो.

तुम्ही म्हणता की रोबो कोण आहे ते कळत नाही. बंबलबी मला पूर्ण कळला होता. पकडून, दोऱ्यांनी जखडून, गोठवणारा फवारा मारतात तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. लहानपण फक्त १९८४ चं नसतं, एवढंच सांगायचं होतं. राग मानू नका.

सायबरट्रॉनकर

@दुसरी_पिढी, राग कसला! हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. रेडिओची कल्पना खरोखर त्या सिनेमाची आणि २०१८ च्या सिनेमानेही ती आदराने पुढे नेली, आवाज कसा गेला ते दाखवून. त्या गाडीबाजारात कॅमेरोशेजारी एक पिवळी बीटल उभी आहे, ती पाहिलीस का? आमच्या पिढीला केलेला तो नमस्कार होता. आणि तो जखडल्याचा प्रसंग बघताना मीही उठलो होतो. म्हणजे त्या थिएटरात आपण दोघं एकाच वयाचे होतो.

उत्तरध्रुव

मी शिकागोजवळ राहतो. २०१० च्या उन्हाळ्यात 'डार्क ऑफ द मून'चं (बे यांचा २०११ चा भाग) चित्रीकरण झालं तेव्हा मिशिगन अव्हेन्यू, वॅकर ड्राइव्हचे भाग बंद असायचे, जळक्या गाड्यांचे ढीग रस्त्यात. ऑफिसमधली आम्ही मंडळी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघायचो. त्यामुळे त्या सिनेमावर माझा जीव आहे, पण त्याच्या शेवटाने मला दुखावलंय.

सेंटिनेल प्राइम जखमी होऊन पडलेला असतो, विनवतो, आणि ऑप्टिमस त्याला जवळून गोळी घालतो. सेंटिनेलला आवाज लेनर्ड निमॉय यांचा, त्यामुळे ते अजूनच लागतं. गद्दार होता, कबूल. पण ऑप्टिमस असं करतो?

पीटर कलन यांनी अनेकदा सांगितलंय की हा आवाज त्यांनी आपल्या भावावरून घेतला. भाऊ व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन. आवाजाच्या चाचणीला निघताना कलन त्याला म्हणाले की एका नायकाची भूमिका आहे. भावाचं सांगणं होतं की आरडाओरडा करणारा हॉलिवूडचा नायक करू नकोस, खरा बलवान असलास तर सौम्यही होता आलं पाहिजे. त्या आवाजातला ठहराव तिथून आलाय. आणि तोच आवाज विनवणाऱ्याला मारतो. रंग, ट्रक, ज्वाळा या सगळ्यापेक्षा मला हा बदल मोठा वाटतो.

रानवारा

@उत्तरध्रुव, +१. दृश्याची तक्रार एकवेळ सोडता येते, स्वभावाची नाही.

सायबरट्रॉनकर

@उत्तरध्रुव, 'वन'मध्ये ओरायनला आवाज ख्रिस हेम्सवर्थ यांचा आहे, आणि कलन नसल्यामुळे मी आधी खट्टू होतो. पण गोष्ट बघा काय करते. डी-१६ सेंटिनेलला ठार मारायला निघतो आणि ओरायन मधे पडतो. सूडाने उभं राहिलेलं राज्य पुन्हा तसंच होईल, म्हणून. तो घाव स्वतः झेलतो. तोच सेंटिनेल, तोच प्रश्न, आणि या वेळी ऑप्टिमसचं उत्तर बरोबर! आवाज दुसरा असूनही माणूस तोच. भावाचा सल्ला शब्दाविना पाळला गेला.

शिरीषफूल

माझं वय तुमच्यापेक्षा बरंच जास्त आहे, पण रोबो आमच्याही वाट्याला आला होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागायचा. मनगटावरच्या घड्याळात बोलून आज्ञा देणारा मुलगा आणि इजिप्तच्या फॅरोसारख्या चेहऱ्याचा उंच रोबो. मुळात १९६७-६८ ची जपानी मालिका, मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरची. मी तेव्हा नोकरीला लागले होते, भाचरांना घेऊन बसायची. शेवटी तो रोबो मुलाची आज्ञा मोडतो, सम्राट गिलोटिनला धरून आकाशात नेतो आणि उल्केवर आदळून स्वतः संपतो. मुलगा खालून परत ये म्हणून ओरडत असतो. आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवायला उठेना.

त्या रोबोच्या अंगात माणूस होता हे स्पष्ट दिसायचं, गुडघ्यापाशी कापडाच्या चुण्या पडायच्या. तरी रडलोच. त्यामुळे तुमची पहिली अपेक्षा मला फारशी लागू नाही, दुसरी मात्र पूर्ण पटते.

सायबरट्रॉनकर

@शिरीषफूल ताई, किती सुंदर लिहिलंत. आज्ञा पाळणारं यंत्र एकदाच आज्ञा मोडतं, आणि तेही मुलाला वाचवायला! यावर तुम्ही वेगळा धागा काढाच.

पाटपाणी

मुलगी आठ वर्षांची आहे, 'वन' हिंदीत पाहिला आणि आता घरात सगळीकडे कॉग कॉग चाललंय. तिचा प्रश्न होता, डी-१६ चं चुकलं कुठे, त्याला तर खरंच फसवलं होतं. माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. आता बाकीचे कुठल्या क्रमाने दाखवू? १९८६ चा लगेच दाखवायची भीती वाटते.

सायबरट्रॉनकर

@पाटपाणी, तिचा प्रश्न अगदी नेमका आहे. तिला विचारून बघा की ओरायनलाही तसंच फसवलं होतं, मग तो तिथे का थांबला.

क्रम माझ्या मते असा : पुढे 'बंबलबी'. मग १९८४ च्या मालिकेचे सुरुवातीचे भाग, म्हणजे जुना ऑप्टिमस ओळखीचा होईल. २००७ चा ती अकरा-बाराची झाल्यावर, त्यातले काही विनोद लहान मुलांसाठी नाहीत. १९८६ चा दाखवाल तेव्हा शेजारी बसा, आणि लगेच मालिकेतले १९८७ चे त्याच्या परतीचे दोन भाग तयार ठेवा. दोन्ही एकाच दिवशी दाखवा, मधे रात्र जाऊ देऊ नका.

आणि जमलं तर एक लहानसा ट्रान्सफॉर्मर आणा. सोबतचा चित्रांचा कागद आधी देऊ नका, तिचं तिला उलगडू द्या.

पाटपाणी

कागद लपवून ठेवते. बंबलबीच आणेन, पिवळी बीटलवाला मिळाला तर.